भोंग्यावरचं आवतन

शिवकन्येच्या लग्नात मामा म्हणून आपणच तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे दिनकररावांनी ती परकर-पोलक्यात होती तेव्हापासून मनात धरून ठेवलं होतं. रक्ताचं नातं काही नव्हतं. शिवकन्येचा बाप रामप्रसाद मेंढ्या राखणारा, आणि हे जमीनवाले. पण रामप्रसादच्या बायकोला, म्हाळसाबाईला, भाऊ नव्हता. लग्न होऊन गावात आली त्याच दिवाळीत तिनं सुट्टीला गावी आलेल्या दिनकररावांना ओवाळलं, आणि तेव्हापासून एकही भाऊबीज चुकली नाही. दिनकररावांना मूलबाळ नाही. जगात त्यांना मामा म्हणणारी ही एकच पोर, आणि जगात ते ज्याच्याशी भांडले नव्हते असं बहुधा हे एकच घर. पुढं तेही त्यांनी सोडलं नाही.

दिनकरराव म्हणजे तुसडा माणूस. पाथरीला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाले आणि सोनपेठ तालुक्यातल्या गोदाकाठच्या आपल्या गावी येऊन बसले, ते जणू गावाला छळायलाच. देवळावरच्या भोंग्याचा आवाज मोठा, म्हणून अर्ज. शेजारच्या माणिकरावांच्या लिंबाचा पाला यांच्या अंगणात पडतो, म्हणून अर्ज. एसटी थांब्यापासून चार पावलं पुढं जाऊन उभी राहिली, म्हणून ड्रायव्हरशी हुज्जत. तोंडावर लोक त्यांना 'सर' म्हणत आणि पाठीमागं 'कायदा'. कायदा येताना दिसला की पारावरची माणसं धोतर झटकून घरी जात. हे दिनकररावांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना थोडासा अभिमानही होता.

त्यांच्या हातून एक चांगलं काम झालं होतं, तेवढं मात्र नाकारता येणार नाही. जिल्ह्यातल्या शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता. त्यात सकाळी फुलं, दुपारी पुढारी, आणि मधेच कुठंतरी मेंढीच्या सडलेल्या खुराचा फोटो. विचारणारा विचारून थकायचा. दिनकरराव चिडून त्यातून बाहेर पडले आणि त्यांनी इमेलची मेलिंग लिस्ट काढली. लिस्टचा एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर कुणीही पत्र टाकलं की ते साऱ्या सभासदांना जातं, वर 'मेंढी' असा शिक्का लागून. लोक आधी हसले. इमेल काय, नोकरीच्या अर्जापुरतं असतंय, म्हणाले. पण परभणीचे धम्मानंद, जनावरांचे निवृत्त डॉक्टर, लिस्टवर आले, आणि त्यांच्या मागोमाग बीड-नांदेडकडचे मेंढपाळही आले. डॉक्टर खरंच उत्तर द्यायचे. रोगाचं नाव, औषधाचं नाव, आणि काय करू नये तेही. शिवकन्येनं बापाच्या फोनवर इमेल चालू करून दिलं, तेव्हा रामप्रसादही लिस्टवर आला. तो फोनपाशी तोंड नेऊन बोलायचा आणि फोन त्याचं लिहून काढायचा.

तंटा उभा राहिला तो रिप्लाय ऑलवरून.

लिस्टवरच्या पत्राला उत्तर द्यायला गेलं की फोन दोन बटणं पुढं करतो. नुसतं रिप्लाय दाबलं तर उत्तर ज्यानं लिहिलं त्या एकट्याला जातं, बाकीचे कोरडेच राहतात. रिप्लाय ऑल दाबलं तर फोन आधी त्या माणसाचा पत्ता घालतो आणि त्याच्या जोडीला लिस्टचा. मग त्या माणसाला एकच पत्र दोनदा मिळतं, एकदा थेट आणि एकदा लिस्टवरून फिरून. दिनकररावांच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामात तिसरं बटण होतं, फक्त लिस्टला उत्तर देण्याचं. फोनात ते नव्हतं. फोनात नाही हा दोष दिनकरराव फोनला न देता माणसांना देत. त्यांच्याकडं लिस्टची पत्रं शिक्का बघून आपोआप वेगळ्या कप्प्यात पडायची. थेट आलेल्या प्रतीवर शिक्का नसायचा, म्हणून ती घरच्या पत्रांत येऊन पडायची आणि यांचं डोकं उठायचं. घरची पत्रं त्यांना लिहितं कोण, हा प्रश्न वेगळा.

त्यांनी लिस्टवर हुकूम काढला. उत्तर फक्त लिस्टला द्यावं, माणसाचा पत्ता आला तर तो हातानं खोडावा. बाकीच्यांनी कटकट नको म्हणून खोडायला सुरुवात केली. रामप्रसादनं नाही केली. त्याचं प्रत्येक उत्तर विचारणाऱ्याला एक आणि लिस्टला एक असं जायचं. एकदा खुद्द दिनकररावांनीच आपल्या शेळीच्या खुराबद्दल विचारलं, तर रामप्रसादचं उत्तर त्यांच्या दोन्ही कप्प्यांत येऊन बसलं. तेव्हा ते उठले आणि तडक त्याच्या घरी गेले.

रामप्रसाद ओसरीवर बसून मेंढी कातरत होता.

"तुला एकदा सांगून कळत नाही का? मला दोन-दोन प्रती कशाला पाठवतोस?"

रामप्रसादनं कात्री खाली ठेवली. "सर, इचारलं कुनी व्हतं? तुमी. मग तुमाला नको सांगाय?"

"लिस्टला सांगितलंस की मला मिळतंच."

"ते भोंग्यावरचं आवतन झालं."

गावात कार्य निघालं की देवळाच्या भोंग्यावरून साऱ्या गावाला जेवणाचं आवतन देतात. पण शेजारी, भाऊबंद आणि ज्याचा मान असतो तो, यांच्या दारावर कुंकू-अक्षता घेऊन वेगळं जावं लागतं. नुसतं भोंग्यावर ऐकून पंगतीला बसलेल्या मानकऱ्याला लोक हसतात, आणि त्याहून जास्त हसतात ते त्याला तसं बोलावणाऱ्या घराला. रामप्रसादनं लिस्टचा हिशेब यावरूनच लावून घेतला होता. लिस्ट म्हणजे भोंगा. ज्यानं विचारलं त्याचा पत्ता म्हणजे त्याचं दार. सांगायचं तर दोन्हीकडं सांगायचं. फोनसुद्धा आपणहून दोन्ही पत्ते घालतो म्हटल्यावर तर त्याची खात्रीच पटली होती की हा फोन करणारा कुणीतरी रीतभात असलेला माणूस असणार.

"हे इमेल आहे, बारसं नाही," दिनकरराव म्हणाले. "सगळ्यांना सांगितलं म्हणजे मलाही सांगितलं. त्यात मानपान कसला आलाय?"

"तुमचं बराबर असंल, सर. पर मला न्हाई जमायचं. मानसाचं नाव खोडून बोलायचं मंजे त्याला बघून तोंड फिरविल्यावानी वाटतंय."

दुसरा कुणी हसून चहाला बसला असता. दिनकरराव घरी आले आणि त्यांनी लिस्टवर जाहीर पत्र टाकलं. वारंवार सूचना देऊनही नियम न पाळल्यामुळं सभासद रामप्रसाद यांना कमी करण्यात येत आहे. यात मात्र रामप्रसादचं नाव घालायला ते विसरले नाहीत. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी लिस्टची मांडणीच बदलून टाकली. यापुढं कुणी कुठलंही बटण दाबलं तरी उत्तर लिस्टलाच जाईल आणि मूळ लिहिणाऱ्याचा पत्ता त्यात येणारच नाही. बिचारा फोन, त्याला दिली तशी आज्ञा तो पाळू लागला. दोन प्रती येणं बंद झालं. दिनकररावांना कितीतरी महिन्यांनी शांत वाटलं.

दिवाळीत भाऊबीजेला म्हाळसाबाई ताट घेऊन आली. रामप्रसाद आला नाही, पण त्याचं नावही कुणी काढलं नाही. शिवकन्येची सोयरीक जमली होती, वैशाखातलं लग्न होतं. ओवाळून झाल्यावर म्हाळसाबाई म्हणाली, "दादा, बापाची तकरार बापापाशी. पोरीच्या मागं मामा मनून तुमीच उभं ऱ्हायाचं. दुसरं कोन हाय मला?"

दिनकररावांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि निरांजनाच्या धुराला नावं ठेवली. दुसऱ्याच दिवशी सोनपेठला जाऊन त्यांनी जरीकाठाचा फेटा आणला आणि बायकोला, चतुराबाईंना, कपाटात वरच्या फळीवर ठेवायला सांगितला.

दिवाळी उलटली तसा रामप्रसाद मेंढ्या घेऊन गोदावरीच्या कडेकडेनं निघाला. दरवर्षीसारखाच. त्या साली पाणी उशिरापर्यंत साचून होतं, काठाला हिरवं गवत माजलं होतं आणि मेंढ्या त्यात तोंड घालून चरत होत्या. पौषात एक दिवस लिस्टच्या दाराशी एक पत्र येऊन अडकलं. जो सभासद नाही त्याचं पत्र दिनकररावांनी परवानगी दिल्याशिवाय पुढं जात नसे. पत्र रामप्रसादचं होतं.

"मेंढ्यायच्या जबड्याखाली पान्याची पिशवी धरायलीय. खातेत पर वाळायल्यात. जंताचं औशध पाजलं, फरक न्हाई. रोज मरायल्यात. डॉक्टरसाहेब, काय करू ते सांगा."

दिनकररावांनी ते दोनदा वाचलं. आली ना गरज, असं त्यांना वाटलं, आणि वाटलं ते खोटं कशाला सांगा, बरंच वाटलं. मग त्यांनी परवानगीचं बटण दाबलं. हाकललेल्या माणसाचं पत्र आपण पुढं सोडलं, म्हणून दिवसभर ते स्वतःवर खूश होते.

डॉक्टर धम्मानंदांचं उत्तर त्याच दिवशी आलं. हा साधा जंत नाही, ओल्या काठावरच्या गोगलगायींमधून होणारा यकृतातला चपटा किडा आहे. नेहमीचं जंताचं औषध याला चालत नाही. अमुक औषध पाजा, आणि मेंढ्या आजच्या आज त्या गवतावरून काढून कोरड्या रानात न्या. वेळेत केलंत तर बहुतेक वाचतील. खाली लिहिलं होतं, तुमचा फोन नंबर कळवा, मी बोलतो. नांदेडकडच्या एकानं ते औषध कुठल्या दुकानात मिळेल ते लिहिलं. बीडच्या एकानं, मी त्याच बाजूला आहे, औषध घेऊन येतो, ठिकाण सांगा, म्हणून लिहिलं. सगळी उत्तरं शिक्का लागून, एकेकच प्रत, नेमक्या कप्प्यात पडली. लिस्ट इतकी सुरळीत कधीच चालली नव्हती.

रामप्रसादचं मात्र काहीच आलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, कुणाकडं यांचा नंबर आहे का? नंबर दिनकररावांच्या फोनात होता, म्हाळसाबाईच्या नंबरच्या बरोबर खाली. त्यांनी लिहिलं, लिस्टवर कुणाचा खासगी नंबर देऊ नये असा नियम आहे. पुढं कुणीतरी कुरकुर केली की एवढी माणसं झटतात आणि या गृहस्थांना साधं आभार मानायलाही फुरसत नाही. त्यावर दिनकररावांनी लगेच लिहिलं, काही लोकांना शिस्त नसते, तशी कृतज्ञताही नसते.

चतुराबाईंनी बाजेवर बसून शेंगा फोडता फोडता विषय काढला. "रामप्रसादच्या मेंढ्या मरायल्यात मनं. म्हाळसा रडत व्हती. तुमी एक फोन तर करा."

"सगळ्यांनी उत्तर दिलंय त्याला. वाचावं त्यानं."

"अन् वाचलं नसंल तर?"

"तर तो त्याचा दोष," दिनकरराव म्हणाले आणि कॉम्प्युटरकडं वळले. चतुराबाईंनी शेंगांची टोपली उचलली आणि आत निघून गेल्या.

होळीच्या सुमाराला रामप्रसाद परतला तो अर्ध्या कळपानिशी. ज्या मेंढ्या उरल्या त्यांची हाडं वर आली होती. सोनपेठच्या आठवडी बाजारात चहाच्या टपरीवर त्याची आणि दिनकररावांची गाठ पडली. बाकावर गावची माणसं होती, माणिकरावही होते. रामप्रसादनं कप हातात घेतला होता. तो दिनकररावांकडं न बघता बोलला.

"सर, आमी तुमच्या लिस्टात न्हाई, मान्य. पर मुक्या जनावरानं काय केलतं? दार वाजवून इचारलं मी. एकानं बी उत्तर दिलं न्हाई. वाळीत टाकलं मला तुमी लोकायनं."

दिनकरराव या वाक्याची वाटच बघत होते. चारचौघांत आपण खरे ठरणार, हा आनंद त्यांना लपवता आला नाही. "खोटं बोलू नकोस," ते म्हणाले आणि त्यांनी फोन काढला. डॉक्टरांचं उत्तर काढून त्यांनी ते बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत वाचलं. गोगलगायी वाचल्या, औषधाचं नाव वाचलं, कोरडं रान वाचलं. बहुतेक वाचतील, तेही वाचलं.

रामप्रसादनं आता त्यांच्याकडं बघितलं. "हे कवा आलतं?"

"तू विचारलंस त्याच दिवशी."

रामप्रसादनं कप खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि फोन मागून घेतला. दिनकररावांनी तो मोठ्या तोऱ्यात दिला. रामप्रसादनं पत्र वर-खाली सरकवून बघितलं. मग त्यानं बोट पत्राच्या वरच्या ओळीवर ठेवलं, जिथं ते कुणाला पाठवलंय हे असतं.

"यात माझं नाव कुठं हाय?"

वरच्या ओळीत फक्त लिस्टचा पत्ता होता. दुसरं, तिसरं, कुठलंही उत्तर काढलं असतं तरी तेच दिसलं असतं. जो लिस्टवर नाही आणि ज्याचं नाव उत्तरात नाही, त्याला ते उत्तर मिळणार कुठून? जन्मभर कॉम्प्युटर शिकवलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रामप्रसादला लिस्टवरून काढलं यांनी. उत्तरातून नाव गाळायची मांडणी केली ती यांनी. नंबर दाबून ठेवला तोही यांनीच. त्या जुन्या रिप्लाय ऑलची एकच दुसरी प्रत, जिच्यासाठी दिनकररावांनी एवढा आकांत केला होता, ती रामप्रसादच्या फोनात जाऊन पडली असती तर मेंढ्या जगल्या असत्या.

माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. दिनकररावांच्या घशापर्यंत आलंही होतं ते. पण बाकावरची माणसं बघत होती, आणि त्यात माणिकराव होते.

"लिस्टला पाठवलं म्हणजे सगळ्यांना पाठवलं," ते म्हणाले. "लिस्टवर नीट राहिला असतास तर मिळालं असतं. नियम तो नियम."

रामप्रसादनं फोन परत दिला. "बरं," म्हणाला. चहा तसाच ठेवून तो उठला आणि बाजारात मिसळून गेला. बाकावरची माणसं आपापल्या पिशव्या उचलू लागली. माणिकराव तेवढे दिनकररावांकडं पाहून थुंकले, म्हणजे तंबाखू थुंकले असं म्हणायला जागा होती.

घरी येऊन दिनकररावांनी लिस्टची मांडणी गुपचूप पूर्ववत केली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. दरवर्षी उन्हाळ्यात रामप्रसादच्या मेंढ्या त्यांच्या शेतात खतासाठी बसायच्या, त्या या साली आल्या नाहीत. त्यांनी स्वतःची समजूत घातली की कळपच लहान झालाय. आणि म्हाळसाबाईनं भाऊबीजेला शब्द दिलाय. बापाची तकरार बापापाशी, हे तिचंच वाक्य. त्या वाक्याला धरून ते वैशाखापर्यंत तगून राहिले.

लग्नाच्या सकाळी भोंगा बोलला. समस्त गावकरी मंडळींना रामप्रसादच्या घरचं जेवणाचं आवतन आहे. ज्या भोंग्याविरुद्ध त्यांनी अर्ज केले होते, त्याचा शब्दन् शब्द आज दिनकरराव ओसरीवर बसून कान देऊन ऐकत होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला जरीकाठाचा फेटा. मामाला दारावर येऊन कुंकू लावून नेतात. थोड्या वेळात रामप्रसादकडची माणसं कुंकवाचं ताट घेऊन गल्लीत आली. अलीकडच्या घरी गेली. मग लिंबाखालून माणिकरावांच्या घरी गेली आणि तिथं बराच वेळ होती. दिनकररावांनी फेटा सारखा केला. माणसं माणिकरावांच्या दारातून बाहेर पडली आणि यांच्या दारावरून, मान खाली घालून, पुढं गेली.

आतून चतुराबाई इरकलीचं लुगडं नेसून आल्या. कपाळाला ओलं कुंकू होतं.

"तुला कुणी बोलावलं?" दिनकररावांनी विचारलं.

"म्हाळसा आलती, मागच्या दारानं. नाव घेऊन सांगून गेली, वैनी, तुमी या."

"आणि मला?"

चतुराबाई उंबऱ्यात थांबल्या. इतकी वर्षं या माणसाच्या हुकमात काढलेली बाई, पण आज त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. "तुमाला सांगितलं की सकाळी, भोंग्यावर. सगळ्याला सांगितलं मंजे तुमाला बी सांगितलं."

त्या गेल्या. दिनकरराव ओसरीवर एकटेच राहिले. मांडवातून बँडचा आवाज येत होता, मंगलाष्टकांसाठी माणसं जमल्याचा गलका ऐकू येत होता. मग बँड थांबला आणि भोंगा पुन्हा बोलला.

"मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं."

दिनकरराव उठले. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. मुलीचा मामा म्हटल्यावर तो कोण, हे साऱ्या गावाला माहीत होतं, आणि म्हाळसाबाईला तर नक्कीच माहीत होतं. बोलावणं ते बोलावणं, मग ते भोंग्यावरून का येईना. दिनकररावांनी घाईघाईनं एक पाय चपलेत घातला.

भोंगा खरखरला. या वेळी त्यानं नाव घेतलं.

"माणिकराव मामा, पोरीला घिऊन या. टाइम व्हायलाय."

दिनकररावांनी चपलेतला पाय बाहेर काढला. अंगणात लिंबाचा पाला पडला होता. ते फेट्यासकट खाली बसले.